आगाऊ आभार

विद्यापीठात तिला नावाने हाक मारणारे आता दोन-तीनच जण उरले होते. बाकी सगळ्यांसाठी ती आभारबाई. नेमणूक संख्याशास्त्राची, शिकवायची संख्याशास्त्र, पण दर गुरुवारी दुपारी तीन वाजता मोठ्या सभागृहात सगळ्या शाखांसाठी मिळून जे पाहुण्यांचं व्याख्यान होतं, त्याच्या शेवटी उठून आभार मानायचं काम बारा वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. त्या दिवशी आभार मानणाऱ्या प्राध्यापकांचा घसा बसला होता आणि शेजारी बसलेली म्हणून ती उठली. उठली ते उठली, वर चांगलं बोलली. तिथेच चुकलं. काही कामं पहिल्याच वेळी नीट बिघडवून ठेवायची असतात, हे तिला कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

आता चांगलं म्हणजे काय, तर आभार मानणारे इतर लोक कागद घरूनच लिहून आणतात. ‘आपल्या व्यग्र दिनक्रमातून वेळ काढून’ वगैरे. ही बाई ऐकायची. व्याख्यान देवमाशाच्या कानावर असो, विधवांच्या वारसाहक्कावर असो की भाजलेल्या विटांवर असो, पहिल्या रांगेत, मंचासमोरच्या खुर्चीत बसून ती शेवटच्या पाव तासातलं एक वाक्य टिपायची आणि आभारात ते असं बसवायची की पाहुण्याला वाटावं, आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपलं ऐकलं. देवमाशाच्या कानवाल्यांनी तर खिशातून रुमाल काढला होता. यातून तिला एवढाच फायदा झाला की जगातल्या झाडून सगळ्या विषयांतलं तिला तासाभरापुरतं कळू लागलं. तोटा असा, की तिला डुलकी काढता येत नसे, फोन बघता येत नसे आणि उठता तर मुळीच येत नसे.

उठून जाण्याची सोय तशी कोणालाच नव्हती. पूर्वी मुलं हजेरीपटावर सही करून मागच्या दाराने पसार होत. एकदा एक खगोलशास्त्रज्ञ दिवे मालवून आकाशगंगा दाखवत होते. दिवे लागले तेव्हा समोर अकरा माणसं उरली होती. तेव्हापासून विभागप्रमुखांच्या हुकुमाने सव्वातीनला मागच्या दाराला बाहेरून कडी लागायची. कडी लावायचे ते मामा. ते सभागृहाचे जुने शिपाई, आणि कडी लावताना आतल्यांकडे असं बघायचे जणू स्वतःच्याच घरच्यांना कोंडतायत.

विभागप्रमुखांना सगळे नुसतं सर म्हणत. ही व्याख्यानमाला म्हणजे सरांचं अपत्य. सर बोलायला गोड, दिसायला गोड, आणि कोणालाही कधी नाही म्हणत नसत. आभारबाईची तक्रार असलीच तर तीच होती. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

सरांची एक युक्ती होती. मालेच्या दुसऱ्या वर्षी ते तिला म्हणाले होते, “आज कुलसचिव येणार आहेत. नवा प्रोजेक्टर मंजूर केल्याबद्दल त्यांचे आभार माना.”

“पण सर, त्यांनी मंजूर कुठे केलाय?”

“तुम्ही माना तर.”

तिने मानले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, कुलसचिव आधी गोंधळले, मग हसले, मग त्यांनी मान डोलवली. पुढच्या गुरुवारी प्रोजेक्टर आला. त्यानंतर पंखे आले, पाण्याचं यंत्र आलं, रविवारी ग्रंथालय उघडं राहू लागलं. सगळं आगाऊ आभारांवर. “चारचौघांत आभार मानले की माणूस मागे फिरत नाही बाई,” सर चहा पिताना समजावून सांगत. “त्याचा चेहरा आधीच हो म्हणून बसलेला असतो. तोंडाला मग फक्त मागोमाग जायचं असतं.” मालेचा दुसरा नियम कोणी लिहिला नव्हता पण सगळे पाळत होते: आभारानंतर कोणी बोलायचं नाही. आभार झाले की संपलं, मामा कडी काढणार.

घरीसुद्धा तिची सवय सुटली नव्हती. नवऱ्याने चहा दिला की ती उभी राहून म्हणायची, “आपण दुकानातून वेळात वेळ काढून…” नवरा औषधांच्या दुकानात असतो. तो कप ठेवून निघून जायचा. मुलगी सातवीत. ती म्हणायची, “आई, तू झोपेत पण टाळ्या वाजवतेस.” यावर घरात खूप हसणं व्हायचं, आणि तीही हसायची.

आज मात्र तिच्या पर्समध्ये एक अर्ज होता, आणि हसायची वेळ राहिली नव्हती.

इथून आठ तासांच्या प्रवासावर एक जुनं बंदर आहे. तिथल्या कचेरीत शहात्तर वर्षांच्या भरती-ओहोटीच्या नोंदवह्या पडून आहेत, रोजच्या रोज हाताने लिहिलेल्या. समुद्राचं पाणी किती चढलं, किती उतरलं, कोणत्या घटकेला. तिचा अडकलेला प्रबंध त्याच वह्यांवर उभा राहणार होता. सहा वर्षांपूर्वी एका सुट्टीत ती तिथे गेली, चार वह्या चाळल्या, आणि त्या अक्षराच्या प्रेमात पडून परत आली. तेव्हापासून दोन वर्षांची अभ्यासरजा मागतेय. दर वेळी सर म्हणत, “अगदी जायलाच हवं तुम्ही. हा एवढा कार्यक्रम होऊ द्या, मग निवांत बघू.” आणि कार्यक्रम काही संपत नसत, कारण गुरुवार संपत नसत.

गेल्या महिन्यात बंदरावरच्या कारकुनाचा फोन आला होता. “बाई, आमची कचेरी नव्या इमारतीत चाललीय. वह्या न्यायला जागा नाही म्हणतात. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत तुम्ही इथे येऊन बसणार असाल तर मी एक खोली धरून ठेवतो. नाहीतर रद्दीत जातील. माझ्या हातात नाही हो.”

मग घरात भराभर ठरलं. सासूबाई दोन ट्रंका आणि शिवणाचं मशीन घेऊन राहायलाच आल्या. आल्या त्या पायरीवरच म्हणाल्या, “मी आलेय. आता तू मागे वळून बघू नकोस.” एवढं बोलून त्या नातीचा शाळेचा डबा शोधायला स्वयंपाकघरात गेल्या. त्या रात्री आभारबाईला आभाराचे शब्द सुचले नाहीत. बारा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

रजेचे अर्ज घ्यायची आज शेवटची तारीख, प्रशासनाची खिडकी पाचला बंद. अर्जावर फक्त विभागप्रमुखांची सही बाकी. आणि सर उद्या पहाटे महिनाभराच्या परदेश दौऱ्यावर निघणार. ती सकाळी दहालाच त्यांच्या दारात उभी राहिली होती.

“आज गुरुवार ना,” सर म्हणाले. “व्याख्यान होऊ द्या, मग निवांत करू सही.”

“सर, आत्ता एक सही फक्त.”

“बाई, सही अशी घाईत केली तर मलाच बरं वाटणार नाही. तुम्ही जाणार म्हणजे काय लहान गोष्ट आहे? आणि गेलात तर इथे आभार कोण मानणार, तेही बसून ठरवू.” एवढं म्हणून त्यांनी तिच्या हातात चार बोटं जाड असा प्रमाणपत्रांचा गठ्ठा ठेवला. “हे तेवढं मंचावर ठेवा. ऐकता ऐकता सह्या करून टाकीन.”

हा सरांचा शिरस्ता होता. हजर राहणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र मिळायचं, आणि सर अध्यक्षांच्या खुर्चीत बसून, पाहुण्यांच्या बोलण्यावर मान डोलावत, न बघता सह्या ओढत जायचे. गठ्ठा घेऊन सभागृहाकडे जाताना तिच्या डोक्यात एक कल्पना आली. कल्पना काही फार सरळ नव्हती. पण सहा वर्षं सरळ वागून झालं होतं.

दीडशे प्रमाणपत्रं होती. तिने आपला अर्ज तेविसाव्या जागी सरकवला, दुमडून, सहीची रेघ तेवढी वर येईल असा.

तीन वाजता पाहुणे बोलायला उभे राहिले. विषय होता चिकटपणा. म्हणजे डिंक, सरस, खळ, गोगलगाईची लाळ, पालीचे पाय. असा विषय घेतलेला माणूस लवकर सुटणार नाही हे तिने तेव्हाच ओळखायला हवं होतं. माणूस मात्र गोड होता, बुटका, उत्साही, खिशात डिंकाच्या चार कुप्या. सव्वातीनला मागे कडीचा आवाज झाला. सरांनी पेन उघडलं.

ती मोजू लागली. संख्याशास्त्राच्या बाईला मोजायला वेगळं सांगावं लागत नाही. अकरा. बारा. पाहुणे म्हणाले, ओल्या काचेवरून पाल घसरते. सोळा. सतरा. एकवीस. बावीस.

सरांचं पेन थांबलं. त्यांनी कागद उलगडला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि शांतपणे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. रागावले नाहीत. लपाछपीत पडद्यामागे पाय दिसणाऱ्या पोराकडे बघून हसावं तसे हसले, अर्ज बाजूला ठेवला, आणि त्यावर आपला पाण्याचा पेला ठेवून चोविसाव्या कागदावर सही केली.

तिला लाज वाटली. त्याहून जास्त, खूप जास्त, राग आला. तिच्यापासून सहा पावलांवर तो अर्ज होता, पेल्याखाली भिजत होता, आणि ती उठू शकत नव्हती. मागे कडी. पुढे मंच. मंचाशेजारचं दार उघडं होतं, पण त्या दारातून पाहुण्यांच्या नाकासमोरून बाहेर पडायला आभारबाईला जमलं असतं तर ती बारा वर्षं आभारबाई कशाला राहिली असती?

व्याख्यान चारला संपायचं होतं. चार वाजून दहा मिनिटांनी तिने पुढच्या दाराशी उभ्या असलेल्या मामांच्या हाती चिठ्ठी पाठवली: ‘वेळ संपली आहे.’ पाहुण्यांनी चिठ्ठी घेतली, वाचली नाही, म्हणाले, “वा! कागदच हवा होता,” आणि चिठ्ठीला डिंक लावून ती भाषणाच्या मेजाला चिकटवली. चार वाजून वीस मिनिटांनी दुसरी चिठ्ठी गेली. ती दुसऱ्या प्रकारच्या डिंकाने पहिलीच्या शेजारी लागली. सभागृहात हशा पिकला. सर तर डोळे पुसत हसले.

“आता बघा,” पाहुणे म्हणाले आणि पहिली चिठ्ठी ओढली. ती फाटली, निम्मी मेजालाच राहिली. दुसरी त्यांनी नुसत्या नखाने उचलली, ती अख्खी हातात आली आणि मेजावर डागसुद्धा राहिला नाही. “लोकांना वाटतं, जो सुटतच नाही तो डिंक चांगला. आम्ही आयुष्यभर उलटं शोधतोय. धरून ठेवणं सोपं आहे हो. वेळ आली की न फाडता सोडणं, ते कठीण.”

सवयीने तिचा हात वहीत हे वाक्य लिहून मोकळा झाला. मन घड्याळात होतं. चार अठ्ठावीस.

मग प्रश्न. विधी शाखेचे एक प्राध्यापक दर गुरुवारी प्रश्न विचारतात. आजही त्यांनी सात मिनिटं स्वतःचं मत सांगितलं आणि शेवटी विचारलं, “यावर आपल्याला काय वाटतं?” पाहुण्यांना बरंच वाटत होतं. मंचामागे पाहुण्यांची गाडी लागल्याचा आवाज आला. सर त्याच गाडीतून त्यांना सोडायला जाणार, हे तिला पाठ होतं. म्हणजे आभार, गुच्छ, गाडी, आणि संपलं. तिने घरच्या त्या दोन ट्रंका डोळ्यांसमोर आणल्या आणि तिला रडू येईल असं वाटलं.

चार चव्वेचाळीसला सर म्हणाले, “आता आभार.” ती उठली.

ध्वनिक्षेपकाशी पोचेपर्यंत तिचं काही ठरलं नव्हतं, हे शपथेवर. नेहमीप्रमाणे ती पाहुण्यांबद्दल बोलली, पालीबद्दल बोलली, मामांच्या चिठ्ठ्यांबद्दल बोलली, लोक हसले. मग डिंकाचं ते वाक्य तिने उचललं. “वेळ आली की न फाडता सोडणं कठीण, असं आपण म्हणालात,” ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून आपोआप आलं, बारा वर्षांच्या सरावाने घोटलेल्या आवाजात. “आमच्या विद्यापीठाला ते जमतं, हे सांगायला मला अभिमान वाटतो. आमच्या सरांनी आज याच मंचावर माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासरजेच्या अर्जावर सही करायचं ठरवलं आहे. महिनाअखेरीस मी इथून आठ तासांवरच्या बंदरात जाऊन शहात्तर वर्षांच्या समुद्राच्या नोंदी वाचणार आहे. सर, आपले मनापासून आभार.”

मग मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मुलांना रजा कोणाचीही असो, आवडते. पुढच्या दाराशी मामासुद्धा टाळ्या वाजवत होते. सरांचा चेहरा तिने नीट पाहिला. आधी गोंधळ, मग हसू, मग मान डोलवणं. कुलसचिवांचा झाला होता अगदी तसाच, त्याच क्रमाने. तिला आतून फार आनंद झाला.

“हाच का अर्ज?” पाहुण्यांनी हौसेने पेला उचलला. कागदावर पाण्याचं गोल वळं उमटलं होतं. त्यांनी तो बाहीने पुसला आणि स्वतःचं पेन सरांपुढे धरलं. “करा, करा! माझ्या डोळ्यांदेखत होऊ द्या.”

सरांनी पेन घेतलं. सही केली. सहीला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ लागला. तारीख घालत असतील, तिला वाटलं. घड्याळात चार एकावन्न. प्रशासनाची खिडकी चालत चार मिनिटांवर. मामा कडी काढायला मागच्या दाराकडे निघाले.

तेवढ्यात सर उठले आणि ध्वनिक्षेपकापाशी आले. आभारानंतर.

“नियम मोडतोय,” ते हसून म्हणाले, “पण आज मोडायलाच हवा. बारा वर्षं या बाईंनी सगळ्यांचे आभार मानले. त्यांचे कोणी मानले का? आज मी मानतो.” ते तिच्याकडे वळले. डोळ्यांत खरंच पाणी होतं. सरांचं वाईट हेच, की त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. “रजेवर असल्या तरी दर गुरुवारी या सभागृहात येऊन आभाराचं काम त्या सांभाळणार आहेत. ही माला त्यांच्यावाचून उभी राहू शकत नाही, हे जाणून त्यांनी हे मान्य केलं, याबद्दल विद्यापीठाच्या वतीने मी त्यांचा शतशः ऋणी आहे.”

या वेळच्या टाळ्या पहिल्यांपेक्षा मोठ्या होत्या. विधी शाखेचे प्राध्यापक उभे राहिले, मग सगळंच सभागृह उभं राहिलं. पाहुण्यांनी अर्ज तिच्या हातात दिला. सहीखाली सरांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या: रजा मंजूर. दर गुरुवारी व्याख्यानमालेस उपस्थिती आवश्यक.

तिने तिथल्या तिथे हिशोब केला, कारण न करणं तिला जमत नव्हतं. गुरुवारी इथे. बंदराची गाडी दिवसातून एकच, सकाळची, म्हणून शुक्रवार प्रवासात. शनिवार-रविवार बंदराची कचेरी बंद. सोमवार, मंगळवार वह्या, बुधवारी परतीची गाडी. शहात्तर वर्षांचा समुद्र, आणि आठवड्यातले दोन दिवस. तेही त्या कारकुनाला ‘येऊन बसते’ असं सांगून.

तिला बोलायचं होतं. “मी असं काहीही मान्य केलेलं नाही,” एवढंच. वाक्य तयार होतं, ध्वनिक्षेपक हातभर अंतरावर होता, आणि दीडशे माणसं उभी राहून तिच्याकडे कौतुकाने बघत होती. तिने तोंड उघडायला चेहरा हलवला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो आधीच हसतोय. मानही डोलतेय.

आणि अर्ज काखेत धरून तिचे दोन्ही हात, सगळ्यांबरोबर, ठेक्यात टाळ्या वाजवत होते.